फ्युटॉन म्हणजे नेमकं काय? आणि सोफा-कम-बेड घेतल्यावर घरातली जागा खरंच वाचते का?

वन बीएचकेचा हॉल. एका भिंतीला टीव्ही युनिट, समोर नवाकोरा सोफा-कम-बेड, मध्ये टीपॉय. शनिवारी संध्याकाळी मामा-मामींचा फोन येतो, "रात्री मुक्कामाला येतोय." रात्री जेवणं आटोपतात आणि सोफा उघडायची वेळ येते. मग टीपॉय स्वयंपाकघरात जातो, चपलांचा स्टँड पॅसेजमध्ये जातो, कुंडी बाल्कनीत जाते. एवढं करूनही सोफा अर्धाच उघडतो, कारण पुढचा भाग टीव्ही युनिटला अडतो. शेवटी सोफा पुन्हा मिटवला जातो आणि कपाटावरची जुनी गादी खाली उतरते.

हा प्रसंग बऱ्याच घरांना ओळखीचा वाटेल. दुकानात आणि रीलमध्ये 'दिवसा सोफा, रात्री बेड' हे अगदी सोपं दिसतं. ऑनलाइन शोधायला गेलं की त्याच वस्तूला कुठे सोफा-कम-बेड म्हटलेलं असतं, कुठे फ्युटॉन. यातला फ्युटॉन हा शब्द जपानमधून आला. पण गंमत अशी की जपानी माणूस ज्याला फ्युटॉन म्हणतो, ते फर्निचर नाहीच.

मग फ्युटॉन म्हणजे काय, त्याचा सोफा कसा झाला आणि आपल्या घरात त्याने खरंच जागा वाचते का? एकेक मुद्दा बघूया.

फ्युटॉन म्हणजे मुळात काय?

जपानी भाषेत उच्चार होतो 'फुतोन'. सोप्या मराठीत सांगायचं तर अंथरूण-पांघरूण.

त्याचे मुख्य दोन भाग. खाली घालायची गादी म्हणजे 'शिकीबुतोन' आणि अंगावर घ्यायची दुलई म्हणजे 'काकेबुतोन'. यातल्या 'शिकी'चा अर्थ अंथरणं आणि 'काके'चा अर्थ अंगावर घालणं. म्हणजे आपण ज्या जोडीला अंथरूण-पांघरूण म्हणतो, नेमकी तीच जोडी.

यात ना लाकडी चौकट, ना पाय, ना पाठ. ही कापसाची पातळ गादी आपल्या जाड स्प्रिंगच्या गादीसारखी अवजड नसते. एकटा माणूस तिची तीन घड्यांत घडी घालून ती उचलू शकतो.

ती घातली जाते 'तातामी'वर. तातामी म्हणजे गवताच्या जाड चटया. एक चटई साधारण ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे एक माणूस झोपेल एवढी. जपानमध्ये खोलीचं माप आजही या चटयांमध्ये सांगितलं जातं. सहा चटयांची खोली हे तिथलं नेहमीचं माप. आपल्या हिशेबात ते साधारण १०० ते ११५ चौरस फूट होतं, म्हणजे जवळपास आपली दहा बाय दहा किंवा दहा बाय बाराची खोली.

सकाळी उठलं की अंथरूण घडी करून भिंतीतल्या 'ओशीइरे' नावाच्या खोल कपाटात जातं. मग त्याच खोलीत पाय दुमडता येणारं बुटकं टेबल मांडून जेवण होतं, मुलांचा अभ्यास होतो, पाहुणे बसतात. रात्री टेबल बाजूला आणि अंथरूण बाहेर.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खरा फ्युटॉन जागा वाचवतो तो आकार बदलून नाही, तर खोलीतून पूर्ण निघून जाऊन.

शंभर चौरस फुटांत अख्खं कुटुंब

ही पद्धत फक्त आवडीतून आलेली नाही. त्यामागे जागेची टंचाईही होती.

टोकियोचं जुनं नाव एदो. तिथली सामान्य कष्टकरी माणसं 'नागाया' नावाच्या लांबलचक लाकडी चाळींत राहायची. यातल्या एका ठरावीक खोलीचं माप साधारण ९ फूट बाय १२ फूट होतं, आणि त्यातच दार आणि चूलही आली. या खोल्यांत भिंतीतलं कपाटही नसायचं. सकाळी अंथरुणं कोपऱ्यात रचायची आणि पुढे एक बुटका पडदा उभा करायचा, बस्स.

कापसाचं अंथरूण त्या काळी महाग होतं. एदोमध्ये वस्तू भाड्याने देणारी दुकानं होती आणि तिथे भाड्याने मिळणाऱ्या वस्तूंमध्ये फ्युटॉनही असायचा.

जपानी भाषेत यासंदर्भात एक मजेशीर शब्द आहे, 'मान्नेनदोको'. शब्दशः अर्थ 'दहा हजार वर्षांचं अंथरूण'. जो माणूस सकाळी अंथरूण काढतच नाही, त्याच्या खोलीतल्या कायम पसरलेल्या गादीला हे नाव आहे. एकट्या राहणाऱ्या आळशी माणसाची थट्टा करताना हा शब्द वापरतात.

थट्टा असली तरी त्यात खरा मुद्दा आहे. फ्युटॉन रोज उचलला नाही तर तो पलंगाएवढीच जागा अडवतो. वर खालून हवा न मिळाल्याने त्याला बुरशी लागते. म्हणजे फायदा काहीच नाही, तोटे मात्र दोन.

कापसाचं भारतीय कनेक्शन

जपानच्या जुन्या नोंदींनुसार इ.स. ७९९ मध्ये मिकावा प्रांताच्या किनाऱ्यावर एक परदेशी माणूस वाहत येऊन लागला. त्याच्याजवळ कापसाचं बी होतं. पुढे जपानी भाषा शिकल्यावर आपण 'तेन्जिकू'चे आहोत, असं त्याने सांगितलं. तेन्जिकू हे भारताचं जुनं जपानी नाव. ते बी वेगवेगळ्या प्रांतांत पेरलं गेलं, पण ती लागवड टिकली नाही. जपानमध्ये कापूस खऱ्या अर्थाने रुजायला पुढे कित्येक शतकं गेली. तो माणूस जिथे लागला असं मानतात, त्या आजच्या आइची प्रांतातल्या निशिओ शहरात त्याच्या नावाचं एक देऊळ मात्र आहे.

दुसरा धागा थेट मुंबईशी जुळतो. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीने कोबे ते मुंबई अशी नियमित सेवा सुरू केली. जपानची ही पहिली दूरपल्ल्याची नियमित सागरी सेवा मानली जाते. ती सुरू होण्यात जमशेटजी टाटांचा मोठा वाटा होता. हेतू होता जपानच्या सूतगिरण्यांना भारतीय कापूस पुरवण्याचा.

आजही फ्युटॉनच्या आत भरायला भारतातला आखूड आणि जाड तंतूचा कापूस जपानमध्ये चांगला समजला जातो. तलम सुतासाठी हा कापूस फारसा कामाचा नाही. पण गादीत तो दबला तरी पुन्हा फुगतो.

आपल्याकडे पूर्वी पिंजारी दारावर यायचा, दबलेल्या गादीतला कापूस काढून पिंजायचा आणि गादी पुन्हा भरून द्यायचा. जपानमध्येही फ्युटॉनचा जुना कापूस पिंजून पुन्हा भरण्याची पद्धत आहे. तिला 'उचिनाओशी' म्हणतात. म्हणजे गादी दबली की फेकायची नाही, दुरुस्त करायची, हा विचार दोन्हीकडे सारखाच.

मग गादीचा सोफा कधी झाला?

हे घडलं अमेरिकेत. उघडमीट करणारं फर्निचर तिथे आधीपासून होतंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम मर्फी यांचा भिंतीत उभा राहणारा पलंग गाजला. १९३१ मध्ये बर्नार्ड कॅस्ट्रो यांनी न्यूयॉर्कमध्ये सोफ्याचा पलंग करणारी कंपनी सुरू केली. पुढे १९४८ मध्ये टीव्हीवरच्या जाहिरातीत त्यांची चार वर्षांची मुलगी तो सोफा उघडून दाखवायची. इतकं सोपं आहे, हे लोकांना पटवायचं होतं.

१९८० च्या दशकात या सगळ्यात जपानी गादीची भर पडली. पण अमेरिकी घरात तातामी नव्हती, भिंतीतलं खोल कपाट नव्हतं आणि रोज अंथरूण काढायची सवयही नव्हती. त्यामुळे गादी जाड झाली, कापसाच्या सोबतीला फोम आला आणि ती उचलणं अवघड झालं. उपाय म्हणून तिच्याखाली दुमडणारी लाकडी चौकट आली. दिवसा सोफा, रात्री पलंग. विद्यार्थी आणि नुकतेच नोकरीला लागलेले तरुण यांच्या घरांत ही स्वस्त सोय लोकप्रिय झाली.

नाव तेवढं जपानी राहिलं. वस्तू मात्र पूर्ण वेगळी झाली. जपानी फ्युटॉन खोलीतून निघून जायचा, अमेरिकी फ्युटॉन खोलीतच राहून आकार बदलू लागला. आज आपल्याकडे सोफा-कम-बेड म्हणून जे विकलं जातं, ते याच दुसऱ्या प्रकारात मोडतं.

आपल्याकडे फ्युटॉन होताच की!

मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे त्या उभ्या राहिल्या. एका खोलीचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट. अशा खोल्यांत मोठाली कुटुंबं राहिली, मुलं शिकली, लग्नं झाली, पाहुणे मुक्कामाला राहिले.

हे जमलं ते वळकटीमुळे. सकाळी गाद्या गुंडाळायच्या, सतरंजी आणि गोधड्यांच्या घड्या घालायच्या आणि सगळं कॉटवर, कॉटखाली किंवा माळ्यावर रचायचं. उन्हाळ्यात काही जण गॅलरीत किंवा गच्चीत झोपायचे. मुंबईच्या चाळीतली वळकटी आणि एदोच्या नागायातला कोपऱ्यातला ढीग, या दोन्हींमागचं तत्त्व एकच.

नंतर घरं फ्लॅटची झाली. गादीची जागा दिवाणाने घेतली, मग बॉक्स बेडने आणि आता सोफा-कम-बेडने. चाळींच्या पुनर्विकासात बीडीडीच्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतात. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर ३०० चौरस फुटांचं असतं. चाळीच्या खोलीपेक्षा ही घरं मोठी आहेत. पण त्यात आता फ्रिज, वॉशिंग मशीन, अभ्यासाचं टेबल आणि घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉपही मावायला हवा. त्यामुळे जागेचा प्रश्न अजून तसाच आहे.

जागा किती वाचते? साधा हिशेब

दहा बाय बाराची खोली धरूया. म्हणजे १२० चौरस फूट.

- सहा बाय साडेसहाचा डबल बेड कायम ३९ चौरस फूट अडवतो. म्हणजे खोलीचा जवळपास एक तृतीयांश भाग.
- सहा फूट रुंद आणि तीन फूट खोल सोफा-कम-बेड मिटलेला असताना १८ चौरस फूट घेतो. उघडला की साधारण ३६.
- दोन सिंगल गाद्यांची वळकटी एकावर एक ठेवली तर साधारण ५ चौरस फूट लागतात.

म्हणजे सोफा-कम-बेडमुळे दिवसा २१ चौरस फूट मोकळे होतात आणि वळकटीमुळे ३४. समजा तुमच्या भागात घराचा दर चौरस फुटाला २० हजार रुपये आहे. मग २१ चौरस फुटांची किंमत होते ४ लाख २० हजार रुपये. या नजरेतून बघितलं तर सोफा-कम-बेडचा सौदा वाईट नाही.

पण हा हिशेब दिवसाचा झाला. रात्रीचा हिशेब वेगळा.

सोफा उघडला की भिंतीपासून सहा फूट गेले. पाठ पाडून उघडणारे काही सोफे भिंतीपासून थोडे पुढे ओढावे लागतात, तिथे आणखी काही इंच गेले. समोरच्या टीव्ही युनिटचे दीड फूट धरा. माणसाला ये-जा करायला किमान दोन फूट हवेत. झाले साडेनऊ फूट. म्हणजे खोलीची ती बाजू दहा फुटांची असेल तर सगळं जेमतेम बसतं आणि टीपॉयला जागाच उरत नाही.

मोकळी झालेली जागाही वापरात यायला हवी. तिथे टीपॉय, बीन बॅग आणि कुंड्या आल्या तर सोफा उघडण्याआधी रोज हे सगळं हलवावं लागतं. मग हळूहळू सोफा उघडणं बंद होतं, किंवा एकदा उघडला की मिटवणं बंद होतं. जपानी लोकांचं दहा हजार वर्षांचं अंथरूण आपल्याकडे असं तयार होतं.

रोज झोपायला चालेल का?

पाहुण्यांसाठी महिन्यातून दोन-चार रात्री वापरायचा असेल तर साधा सोफा-कम-बेडही पुरतो. घरातल्या कुणालातरी रोज त्यावरच झोपायचं असेल, तर नीट बघून घ्यायला हवं.

अडचण अशी की बसायला आणि झोपायला लागणारी गादी वेगळी असते. बसताना मऊ, थोडी दबणारी सीट बरी वाटते. झोपताना मात्र अंग एका पातळीत राहायला हवं. सोफा जिथे दुमडतो तिथे सांधा असतो आणि तो नेमका पाठीखाली किंवा कमरेखाली आला की रात्रभर टोचतो. रोज बसून फोम एकाच जागी दबतो, तिथे खड्डा पडतो आणि तोच खड्डा रात्री अंथरुणात येतो.

दुकानदार ३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी असं सांगतात. याचा अर्थ त्या फोमच्या एका घनमीटरचं वजन ३२ किंवा ४० किलो. साधारणपणे जास्त डेन्सिटीचा फोम जास्त दिवस टिकतो. पण डेन्सिटी जास्त म्हणजे गादी कडक, असं समीकरण नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे आकडा विचाराच, पण दुकानात सोफा उघडून त्यावर दहा मिनिटं आडवंही व्हा. लाजायचं कारण नाही, पैसे तुमचे जाणार आहेत.

जमिनीवरच्या गादीचाही सगळ्यांना उपयोग होत नाही. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना जमिनीवरून उठणं त्रासाचं जातं. रात्री दोनदा बाथरूमला जाणाऱ्या माणसासाठी पलंगाची उंची ही चैन नसून गरज आहे.

ओल आणि पाऊस

जपानमध्ये ऊन पडलं की बाल्कनीच्या कठड्यांवर फ्युटॉन वाळत घातलेले दिसतात. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांना मोठे चिमटे लावतात. माणसाच्या अंगाची ओल रात्रभर गादीत उतरते आणि खाली हवा खेळली नाही तर ती तळाशी साचते. त्यांच्याकडेही जून-जुलैत पावसाळी दिवस असतात. तेव्हा गादीत गरम हवा सोडणारी विजेची यंत्रं वापरली जातात. लाकडी फरशीवर गादी घालणारे लोक खाली फटी असलेली लाकडी पट्ट्यांची चौकट ठेवतात.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो. जमिनीवर गादी घालत असाल तर सकाळी ती लगेच गुंडाळू नका, थोडा वेळ उलटी करून पंख्याखाली ठेवा. सोफा-कम-बेड असेल तर उघडल्यावर आतला भाग हवेशीर होऊ द्या. सोफ्याखालच्या कप्प्यात दमट चादरी कोंबल्या तर वास हमखास येतो.

रोज घडी कोण घालणार?

जाहिरातीत हा प्रश्न कधीच नसतो. पण घरात सगळ्यात आधी तोच येतो.

सोफा ओढणं, चादर घालणं, उशा आणि पांघरुणं काढणं, सकाळी सगळं परत ठेवणं. पंधरा-वीस मिनिटांचं काम, रोज दोनदा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार देशात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, तर असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे घरात आधी काही ठरलं नसेल तर अंथरुणाचं काम कुणाच्या वाट्याला जाईल, हे सांगायला नको.

जपानमधल्या पारंपरिक निवासांत, म्हणजे 'र्‍योकान'मध्ये, पाहुणे जेवायला गेले की कर्मचारी खोलीत अंथरूण घालून जातात. पाहुण्यांना जागा आपोआप बदलल्यासारखी वाटते. घरात असं आपोआप काही होत नाही. ज्याला सोफ्यावर झोपायचं आहे, त्यानेच तो उघडायचा आणि मिटवायचा, हा नियम सोफा घरात यायच्या आधी ठरलेला बरा.

घेण्याआधी एवढं करा

- उघडलेल्या सोफ्याचं माप दुकानदाराकडून घ्या. मिटलेलं माप अर्धीच गोष्ट सांगतं.
- ते माप घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून किंवा चिकटपट्टी लावून आखा. मग दार, कपाट आणि बाथरूमपर्यंत जाऊन बघा.
- घरातल्या ज्या माणसाला रोज सोफा उघडायचा आहे, त्याला दुकानात नेऊन त्याच्याकडूनच तो उघडून घ्या.
- उशा, चादरी आणि पांघरुणं दिवसा कुठे राहतील, ते आधी ठरवा. सोफ्याखाली कप्पा असेल तर हा प्रश्न बराच सुटतो.
- बिजागरी आणि चौकट नीट तपासा. उघडमीट करणारं फर्निचर बहुतेक वेळा तिथेच आधी बिघडतं. सुटे भाग मिळतात का, तेही विचारा.
- लिफ्ट, जिना आणि घराचं दार मोजा. सोफा सुटा होऊन येत नसेल तर तो खालीच अडकू शकतो.

आणि घरात झोपणारे सगळे तरुण असतील, गुडघे धड असतील आणि गादी ठेवायला एखादं कपाट किंवा माळा असेल, तर अजून एक स्वस्त पर्याय आहेच. कापसाच्या दोन चांगल्या गाद्या करून घ्या. गादी कारखान्यात तुमच्या मापाच्या गाद्या बनवून मिळतात आणि काही वर्षांनी कापूस पिंजून त्या पुन्हा भरताही येतात. मूळच्या जपानी फ्युटॉनच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावे असं आपण म्हणतो. सोफा-कम-बेडच्या बाबतीत आधी खोली पाहून अंथरूण पसरावं लागतं, आणि सकाळी ते गोळाही करावं लागतं. ही दोन्ही कामं रोज होणार असतील तर जागा नक्की वाचेल. होणार नसतील, तर तेवढ्याच पैशांत चांगला पलंग घेतलेला बरा.